शितावरून भात, बनवरून बेकरी

मागच्या अंकात लिहिलं होतं की बेकऱ्या फिरायला आणि तिथलं गोड खाऊन बघायला आवडणाऱ्यांनी आपले प्रश्न पाठवा, आणि खरंच खूप आले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, त्यामुळे ज्यात बऱ्याच जणांची अडचण सारखीच होती असे निवडलेत. काही पत्रं मोठी होती ती थोडी छोटी केलीत, समजून घ्या.

प्रश्न: ताई, मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही ठरवलंय की दर रविवारी एका नवीन बेकरीत जायचं आणि तिथलं गोड ट्राय करायचं. तीन बेकऱ्या झाल्या पण प्रत्येक वेळी काचेमागे इतकं काय काय मांडलेलं असतं की आम्ही गोंधळतो आणि सगळ्यात सजवलेलं असेल तेच घेतो. नंतर घरी आल्यावर दोघींनाही धड सांगता येत नाही की चव कशी होती. नक्की काय घ्यायचं?

उत्तर: सगळ्यात साधं दिसतं ते घ्या. म्हणजे वर काही न लावलेला केक, नुसती बटर कुकी, साधा गोड बन. मी कुठल्याही नवीन बेकरीत गेले की आधी हेच घेते आणि मग बाकीचं बघते, कारण शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे अगदी तंतोतंत लागू पडते. क्रीम, चॉकलेट, रंगीत आयसिंग या सगळ्याखाली कोरडा केक सहज लपतो, साध्या केकला मात्र लपायला जागाच नसते.

पाउंड केकचंच बघा ना. त्याचं नाव कशावरून पडलं तर मैदा, लोणी, साखर आणि अंडी हे चारही एकेक पाउंड, म्हणजे सारख्याच वजनाचं घ्यायचं यावरून. चारच वस्तू, त्यामुळे लोणी जुनं असेल, अंड्याचा वास येत असेल, केक आतून थोडा कच्चा राहिला असेल तर पहिल्या घासाला कळतं. आणि चांगला जमला असेल तर तेही पहिल्याच घासाला कळतं, तो आनंद मला तीन मजली केकपेक्षा मोठा वाटतो!

अजून एक, खायच्या आधी तो तुकडा उलटा करून त्याचा तळ बघा. वरून सगळे छान दिसतात हो, पण तळाचा रंग खरं सांगतो. कुकीचा तळ सगळीकडे एकसारखा सोनेरी तपकिरी असेल तर भाजणाऱ्याचा हात बसलेला आहे, पांढरट असेल तर कच्च्या मैद्याची चव येणार, काळपट असेल तर कडवट. हा तपकिरी रंग म्हणजे नुसतं दिसणं नाही, त्यातच चव असते. पिठातली प्रथिनं आणि साखर तापली की त्यांची एकमेकांशी क्रिया होते आणि शेकडो नवीन वास आणि चवी तयार होतात, लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये यावर पहिल्यांदा लिहिलं म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोरात होते, त्यामुळे जो केक किंवा बन रंग न येताच बाहेर काढलाय त्यात ती चव आलेलीच नसते, मग वरून कितीही इसेन्स घाला.

आणि काउंटरवर जे कोणी असतील त्यांना सरळ विचारा की यातलं तुम्ही इथे स्वतः काय बनवता. बऱ्याच ठिकाणी काही माल तयार गोठवलेला येतो आणि तिथे फक्त भाजला जातो, त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला त्या बेकरीची चव बघायची असेल तर त्यांच्या हातचं खायला हवं ना. दोघी आहात तर तीन वस्तू घ्या, एक साधी, एक ते स्वतः सांगतील ती आणि तिसरी तुमच्या डोळ्यांना आवडेल ती. निम्मं निम्मं करा आणि साध्यापासून सुरू करा.

प्रश्न: बेकरीत जायची बरोबर वेळ कोणती? माझे मिस्टर म्हणतात गरम असेल तेव्हाच घ्यायचं, गरम म्हणजे ताजं.

उत्तर: मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. यीस्ट घालून फुगवलेलं जे काही असतं, बन, ब्रिओश म्हणजे अंडी आणि लोणी घातलेला मऊ पाव, क्रोसाँ म्हणजे लोण्याच्या थरांचा कुरकुरीत पाव, त्यासाठी सकाळीच जा, कारण बेकरीवाले मध्यरात्रीनंतर कामाला लागतात आणि त्यांची मेहनत सकाळी ट्रेमध्ये असते. क्रोसाँ तर दुपारपर्यंतच त्याच्या मूळ रूपात असतो, मग हवेतला ओलावा घेऊन मऊ पडायला लागतो.

पण कुकी ओव्हनमधून निघाल्या निघाल्या खाल्ली तर ती लिबलिबीत लागते, तिची साखर आणि लोणी गार होऊन बसायला वेळ द्यावा लागतो, तेव्हा तिची कड कुरकुरीत होते. केकही अगदी गरम कापला तर चुरा होतो. आणि सुकामेवा घातलेला फ्रूटकेक, आल्याचा केक, केळ्याचा केक हे तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, मसाल्याचा आणि फळाचा वास सगळीकडे मुरतो आणि ओलावाही सारखा पसरतो. त्यामुळे हे कालचे आहेत असं कोणी प्रामाणिकपणे सांगितलं तर नाक मुरडू नका, घ्या.

गरम म्हणजे ताजं हे नेहमी खरं नसतं याचं कारण असं की कालचा बनसुद्धा ओव्हनमध्ये गरम केला की मऊ होतो. घट्ट झालेला स्टार्च ६० अंशांच्या पुढे परत सैल पडतो म्हणून. फसवणूकच असते असं नाही, अनेकजण प्रेमाने गरम करून देतात. पण तुम्हाला खात्री करायची असेल तर एक तुकडा तसाच बाजूला ठेवा आणि गार झाल्यावर खा, आज सकाळचा असेल तर गारसुद्धा मऊ लागेल आणि कालचा असेल तर पटकन वातड होईल.

एक्लेअरचं, म्हणजे आत क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीचं, मात्र वेगळंच. त्याचं कवच आतून पोकळ असतं, कारण त्या पिठातल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि तीच त्याला फुगवते, त्यात यीस्ट वगैरे काही नसतं. क्रीम भरून ठेवलं की कवच हळूहळू ते पाणी पिऊन ओलं पडतं. म्हणून विचारा की कधी भरलंय, आणि ऑर्डर दिल्यावर समोर भरून देणारी बेकरी सापडली तर तिला सोडू नका!

प्रश्न: मी ६८ वर्षांचा आहे, घरी दोघंच असतो. बेकरीतून आणलेले गोड बन खराब होऊ नयेत म्हणून फ्रीजमध्ये ठेवतो पण दुसऱ्या दिवशी ते दगडासारखे होतात. आणि बिस्किटं बाहेर ठेवली तर ती मऊ पडतात. हे उलटं का होतं?

उत्तर: काका, किती बारीक निरीक्षण आहे तुमचं. बन कडक होतो तो वाळून होतो असं आपल्याला वाटतं, पण मुख्य कारण ते नाही. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, गार झाल्यावर तो हळूहळू परत आपली घट्ट रचना धरायला लागतो, आणि गंमत म्हणजे हे काम फ्रीजच्या थंडीत, चारेक अंशांना, बाहेरच्यापेक्षा बरंच भराभर होतं. म्हणजे जपायला म्हणून ठेवलेला बन तिथेच जास्त लवकर शिळा होतो. त्यामुळे आज उद्या संपणार असेल तर डब्यात बाहेर ठेवा, नाहीतर थेट फ्रीजरमध्ये, एकेक वेगळा गुंडाळून, उणे १८ अंशांना ही क्रिया जवळजवळ थांबते. हवा तेव्हा एकच काढा आणि गरम करा. क्रीम किंवा कस्टर्ड भरलेलं असेल ते मात्र फ्रीजमध्येच ठेवायचं, तिथे चवीपेक्षा तब्येत महत्त्वाची.

बिस्किटात पाणी जवळपास नसतंच, म्हणून ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मऊ पडतं. त्यामुळे बिस्किटं आणि बन एका डब्यात कधीच ठेवू नका, बनचा ओलावा बिस्किटं घेतात आणि दोन्ही बिघडतात. मऊ पडलेली बिस्किटं मंद ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवून पूर्ण गार केली की परत कुरकुरीत होतात.

या फरकावरून ब्रिटनमध्ये कराचा एक वाद सुद्धा झाला होता, १९९१ मध्ये. जाफा केक, म्हणजे संत्र्याची जेली आणि चॉकलेट लावलेला तिथला छोटा गोल पदार्थ, हा केक की बिस्किट असा, कारण तिथे चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर कर होता आणि केकवर नव्हता. शिळं झाल्यावर तो बिस्किटासारखा मऊ न होता केकसारखा कडक होतो हा मुद्दा त्यात विचारात घेतला गेला आणि निकाल केकच्या बाजूने लागला. तुमच्या प्रश्नातली गोष्टच की ही.

प्रश्न: माझ्या मुलाला क्रोसाँ भयंकर आवडतो. एका ठिकाणचा इतका हलका आणि कुरकुरीत असतो आणि दुसऱ्या ठिकाणचा पावासारखा, वर खाल्ल्यावर टाळूला काहीतरी मेणचट चिकटून राहतं. दिसायला दोन्ही सारखेच! घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर: ते मेणचट म्हणजे बहुतेक वेळा लोण्याऐवजी वापरलेलं मार्जरीन किंवा दुसरी घट्ट चरबी असते. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपल्या तोंडाची उष्णता त्याहून थोडी जास्त असते म्हणून ते जिभेवर पूर्ण नाहीसं होतं. थरांच्या पदार्थांसाठी खास बनवलेलं मार्जरीन जास्त तापमानाला वितळतं, कामाला ते सोपं पडतं कारण गरम हवेत पटकन ढिलं होत नाही, पण तोंडात ते पूर्ण वितळत नाही आणि टाळूवर थर बसतो. पेस्ट्रीवरच्या क्रीमलाही हीच परीक्षा लावा, दुधाचं क्रीम लगेच विरघळतं आणि वनस्पती तेलाचं फेटलेलं असेल तर ते तोंडात रेंगाळतं.

आता थरांचं. क्रोसाँच्या पिठात थंड लोण्याची एक लादी ठेवतात, ती झाकून लाटतात आणि पत्राच्या कागदासारखी तिघडी घालतात, परत लाटतात, परत तिघडी. अशा तीन घड्या घातल्या की लोण्याचे तीन, नऊ, सत्तावीस असे थर होतात, आणि प्रत्येक घडीनंतर पीठ फ्रीजमध्ये विश्रांतीला ठेवावं लागतं. ओव्हनमध्ये लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ते थर एकमेकांपासून सुटतात. मध्येच लोणी गरम होऊन पिठात मुरलं तर थर उरतच नाहीत, मग तो गोड पावच होतो, आणि तुम्हाला मिळालेला दुसरा तसाच असणार. एवढा वेळ आणि एवढी काळजी त्या हातभर लांबही नसलेल्या गोष्टीत असते, मला तर तो खाताना प्रत्येक वेळी त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

घ्यायच्या आधी काय बघायचं तर रंग गडद सोनेरी हवा, फिकट पिवळा नको. बाजूने थर वेगवेगळे दिसायला हवेत. हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागायला हवा, आणि ठेवलेल्या कागदावर तेलाचा मोठा डाग नको. मग तोडून बघा, आत मधाच्या पोळ्यासारखी मोठी मोठी भोकं दिसली तर काम जमलंय. चुरा सगळीकडे सांडला तर मुलाला रागावू नका, तो सांडायलाच हवा!

मुलाला गोष्ट आवडत असेल तर सांगा की क्रोसाँचा पूर्वज फ्रान्सचा नाही, ऑस्ट्रियाचा आहे. तिथे किपफर्ल नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव होता, १८३० च्या दशकाच्या शेवटी ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी काढली आणि तिथल्या लोकांना तो फार आवडला. लोण्याचे थर घालायची पद्धत फ्रान्समध्ये नंतर आली. अजूनही फ्रेंचमध्ये अशा पदार्थांना व्हिएन्वाझरी म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाकडचं.

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी एकाच दिवसात तीन बेकऱ्या करतो. पहिल्या ठिकाणी मज्जा येते, तिसऱ्या ठिकाणी जाईपर्यंत सगळं एकसारखंच गोड लागतं आणि डोकं जड होतं. काही उपाय?

उत्तर: जीभ गोडाला सरावते, त्यामुळे दहाव्या घासाला पहिल्यासारखी चव येणं शक्यच नाही. म्हणून क्रम नीट लावा, कमी गोडाकडून जास्त गोडाकडे, म्हणजे बन आणि क्रोसाँ आधी, मग साधा केक आणि कुकी, मग फळांचे टार्ट, आणि चॉकलेट, कॅरॅमल, बटरक्रीम सगळ्यात शेवटी. मध्ये मध्ये कोमट पाणी प्या किंवा साखर न घातलेला चहा, कॉफी. सफरचंदाची एक फोड खाल्ली तरी तोंड साफ होतं. सरबत, गोड कॉफी हे अजिबात नको.

फ्रीजमधून काढलेली पेस्ट्री पहिल्या दोन मिनिटांत खाऊन कमी गोड आहे असं ठरवू नका, गार असताना गोडी आणि वास दोन्ही कमी जाणवतात. दहा मिनिटं थांबा. आणि घरी न्यायची असेल तर सगळ्यात शेवटच्या बेकरीतून घ्या, क्रीमचं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका आणि फार ऊन असेल तर एक तासच. बाकी गरम बन वगैरे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, वाफेने साल ओली होते, कागदी पिशवी मागा.

चौघी आहात हे खरं तर फार छान आहे, एका वस्तूचे चार भाग करा, प्रत्येकीला दोन घास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि त्याच्या निम्मी असेल तर अजून चांगलं. तीन बेकऱ्यांत अख्ख्या अख्ख्या वस्तू खाल्ल्या तर ही मर्यादा बघता बघता ओलांडली जाते, डोकं जड होतंय ते उगाच नाही. दिवसाला दोनच करा, आणि खाताखाताच फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा, कुठे, काय, कसं. घरी जाऊन लिहू म्हटलं की विसरायला होतं, माझं नेहमी झालंय.

प्रश्न: माझ्या नातीला बदामाची आणि अक्रोडाची ॲलर्जी आहे. तिला बेकरीत न्यायची भीती वाटते पण तिला नको म्हणताना वाईट पण वाटतं.

उत्तर: मावशी, भीती वाटणं बरोबर आहे आणि ती थोडी असू द्या. ज्यात बदाम दिसत नाही त्यातही तो असू शकतो, कारण बदामाचं पीठ बऱ्याच गोडात मैद्यासारखं घालतात. मॅकरॉन बदामाच्या पिठाचेच असतात, फ्रांजिपान नावाचं टार्टमधलं सारणही बदामाचं. त्यातून एकाच टेबलावर, एकाच चिमट्याने सगळं हाताळलं जातं, म्हणजे साध्या कुकीलाही कण लागू शकतात. म्हणून यात बदाम आहे का एवढंच विचारू नका, तुमच्याकडे नट्स कुठल्याही पदार्थात वापरता का, भांडी आणि ट्रे वेगळे आहेत का असं विचारा. समोरचा घुटमळला किंवा नसेल बहुतेक असं म्हणाला तर तिथून काही घेऊ नका. तिला डॉक्टरांनी इमर्जन्सीचं औषध दिलं असेल तर ते जवळ हवंच. काही बेकऱ्या नट्स अजिबात वापरत नाहीत, अशी एक शोधा आणि ती तिची स्वतःची बेकरी होऊ द्या.

प्रश्न: बाबांना डायबेटीस आहे. शुगर फ्री केक चालेल ना?

उत्तर: साखर नसली तरी मैदा असतोच आणि त्याने रक्तातली साखर वाढते, त्यामुळे कितीही खाल्लं तरी चालेल असं अजिबात नाही. साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉलसारखं काही घालतात, ते जास्त झालं तर पोट बिघडतं. किती आणि कधी खायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. माझ्या मते तरी नावाला शुगर फ्री असलेल्या मोठ्या तुकड्यापेक्षा, डॉक्टरांनी हो म्हटलं तर, जेवणानंतर खऱ्या चांगल्या केकचे दोन घास सगळ्यांसोबत बसून खाणं बरं.

प्रश्न: ताई, हसू नका पण मला बेकरीत जाऊन फक्त एकच कुकी मागायची लाज वाटते. आणि हे कधी बनवलं, यात काय आहे असं विचारलं तर त्यांना राग येईल असं वाटतं. म्हणून मी पाकीटच घेऊन येते.

उत्तर: हसणार नाही, मीही अनेक वर्षं तशीच होते. एक मागणारं गिऱ्हाईक त्यांना रोज भेटतं. फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका, सकाळची घाई संपल्यावर जा, तेव्हा त्यांनाही दोन शब्द बोलायला वेळ असतो. आणि प्रश्न असा विचारा की तुम्ही स्वतः यातलं काय खाता? या एका प्रश्नावर मी आजवर कोणाचा राग बघितलेला नाही, चेहरा खुलतोच.

मी एकदा एका छोट्या बेकरीत हेच विचारलं होतं. काउंटरमागच्या बाईंनी काचेतलं काहीच दाखवलं नाही, त्या आत गेल्या आणि एका वाटीत केकच्या कडा घेऊन आल्या. थरांचा केक लावताना वरचा फुगवटा आणि बाजूच्या कडा कापून सरळ करतात ना, त्या. तपकिरी, थोड्या चिवट, लोण्याचा वास येणाऱ्या. म्हणाल्या आम्ही सगळे आत हेच खातो, हे विकत नाही. मग आम्ही दोघींनी उभ्या उभ्या ती वाटी संपवली. एक कुकी मागायला म्हणून आत शिरले होते मी.